आमच्या जिल्हा आवृत्तीचा रिव्ह्यू: यात बातमी कुठली आणि जाहिरात कुठली

देवगड-मालवण पट्ट्यात घरोघरी पडणाऱ्या एका पेपरच्या जिल्हा आवृत्तीबद्दल लिहितोय. नाव घेत नाहीये, कारण दुसऱ्या आवृत्त्या उघडल्या तरी थोड्याफार फरकाने हेच दिसतं. पाचपैकी तीन स्टार देतोय आणि ते तीन मनापासून आहेत.

आधी चांगलं सांगतो. एसटीची कुठली फेरी बंद, लाईट किती वाजेपर्यंत जाणार, दशावतार कुठल्या गावात, कोण वारलं, वादळी वाऱ्याचा इशारा आहे होड्या बाहेर काढू नका, हे सगळं वेळेवर मिळतं आणि मोबाईलवर असं एका जागी कुठेच मिळत नाही. कोर्टाच्या बातम्या तर एकदम उत्तम, आरोप काय, कलम कुठलं, वकील कोण, कोर्ट काय म्हणालं, संपलं. एक विशेषण नसतं त्यात. म्हणजे या लोकांना बातमी लिहिता येते, चांगली येते, म्हणूनच बाकीच्या पानांवर जे चालतं ते बघून वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त राग प्लॉट आणि रिसॉर्टच्या बातम्यांचा येतो. फॉन्ट बातमीचा, कॉलम बातमीचे, वर ‘प्रतिनिधी’ असं लिहिलेलं, आणि आत काय तर निसर्गाच्या कुशीत भव्य प्रकल्प, हाकेच्या अंतरावर निळाशार समुद्र, गुंतवणूकदारांचा उदंड प्रतिसाद, आणि शेवटी बुकिंगचा नंबर. उदंड म्हणजे किती प्लॉट गेले ते लिहिलेलं नसतं. एनए (बिगरशेती परवानगी) झालंय का, पाणी कुठून येणार (मे महिन्यात आमच्याच वाडीतल्या विहिरी तळाला जातात), रस्ता कोणाच्या जमिनीतून जातो, एकही प्रश्न नाही. सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचं, तर नावच काढत नाहीत. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना विकास क्षेत्रात येतो, आणि हाकेच्या अंतरावर समुद्र म्हणजे नेमका तोच पट्टा असू शकतो. मुंबईतला माणूस रिटायरमेंटचे पैसे घेऊन येतो आणि पेपरात छापून आलंय म्हणजे कोणीतरी तपासलं असेल असं धरून चालतो. जाहिरात वाचताना माणूस सावध असतो, बातमी वाचताना नसतो, आणि पैसे देणारा ते बेसावधपणच विकत घेतो. जाहिरात ही बातमीपासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. इथे कधीकधी कोपऱ्यात बारीक टायपात एक शब्द असतो, बऱ्याचदा तोही नसतो.

आंब्याच्या सीझनला पण तेच. पहिली पेटी वाशीला गेली ही बातमी आहेच, बागायतदाराचं कौतुक झालंच पाहिजे. पण पुढे अस्सल, एकमेव, चवीला तोड नाही असं सुरू होऊन ऑर्डरसाठी नंबर आला की ती बातमी राहत नाही. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, मग या विक्रेत्याची जीआयला नोंदणी आहे का एवढी एक ओळ लिहिली असती तर गिऱ्हाईकाचा खरंच फायदा झाला असता.

दुसरी गोष्ट पकडायला अवघड आहे आणि तिथे पैशाचा व्यवहार झाला असेलच असं मी म्हणत नाही. पर्ससीनचा, म्हणजे मोठं जाळं टाकून मासळीचा अख्खा थवा वेढून पकडतात त्या मासेमारीचा वाद घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, ठराविक भागात आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ परवानगी, तेव्हापासून पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले हा संघर्ष आमच्या किनाऱ्यावर सुरूच आहे. आता बातमीतली क्रियापदं बघा. एका बाजूचे लोक ‘आक्रमक झाले’, ‘घेराव घातला’, ‘हुज्जत घातली’, आणि दुसऱ्या बाजूच्यांनी ‘भूमिका मांडली’, ‘वस्तुस्थिती स्पष्ट केली’. दोघंही त्याच ऑफिसात तोच विषय घेऊन गेलेले असतात हो. एकाही वाक्यात खोटं नाही, तरी वाचून झाल्यावर भांडखोर कोण आणि शहाणे कोण हे डोक्यात ठरलेलं असतं. आमच्या शेजारचे रापणवाले काका (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार) म्हणतात, फोटो आमचो काढतत पण इचारतत दुसऱ्याक. हे मी नंतर पानं उलटून बघितलं आणि खरंच, अवतरणचिन्हात आलेली वाक्यं जवळपास सगळी एकाच बाजूची होती.

हायवेच्या बातम्यांत उलटा प्रकार, तिथे माणूसच गायब. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललंय आणि बातमी काय तर काम रखडलं, मुदत हुकली, रस्त्याची दुरवस्था झाली. कोणी रखडवलं, ठेकेदार कोण, कुठला टप्पा, किती दंड लावला, काही नाही. पण खड्डे बुजवायला सुरुवात झाली की लगेच कोणाच्या प्रयत्नांना यश आलं त्याचं नाव हेडिंगमध्ये येतं. वाईट आपोआप होतं आणि चांगलं साहेबांमुळे होतं, हे वर्षभर वाचलं की मनावर परिणाम होणारच.

इलेक्शनला तर हे टोकाला जातं. २००९ च्या विधानसभेनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं की राज्यातल्या वेगवेगळ्या पेपरांत एकच स्तुतीलेख शब्दशः छापून आला होता. २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, अहवाल दिला, त्यात तर एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवार, दोघांचाही विजय निश्चित, असे नमुने नोंदवलेत. आता प्रत्येक जिल्ह्यात एमसीएमसी नावाची, निवडणुकीच्या जाहिराती आणि बातम्यांवर लक्ष ठेवणारी कमिटी असते, पेड न्यूज ठरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरतात. सामान्य माणूसही तिथे तक्रार करू शकतो, कात्रण जपून ठेवा. मी वाढदिवसाच्या पुरवण्यांबद्दल बोलत नाहीये, कार्यसम्राट विकासपुरुष वगैरे चालू दे, ती जाहिरात आहे हे पोरांनाही कळतं.

मी आता वाचताना पेन्सिल घेऊन बसतो. विशेषणं खोडायची आणि उरलेल्यात आकडा, तारीख, कागद यातलं काय राहतं ते बघायचं. प्लॉटच्या बातमीत खोडल्यावर फक्त मोबाईल नंबर उरतो, कोर्टाच्या बातमीत खोडायलाच काही सापडत नाही. ‘नागरिकांमध्ये समाधानाचे वातावरण’ दिसलं की एका तरी नागरिकाचं नाव शोधायचं. आणि शंका आली तर दुसऱ्या पेपरात तीच बातमी बघायची, स्वल्पविरामासकट सारखी असेल तर ती कोणाच्या तरी ऑफिसातून आलेली प्रेसनोट आहे.

वार्ताहरांवर मात्र माझा राग नाही हे आवर्जून लिहितो. तालुक्याच्या ठिकाणी बातमी देणाऱ्याला मानधन नावापुरतं, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे ज्याच्याकडे पुरवणीची जाहिरात मागायची त्याच्याच विरोधात लिहायचं, हे कोणाला जमणार? आणि जे लिहितात त्यांचं काय होतं तेही कोकणाने बघितलंय, फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांचा गाडीखाली चिरडून जीव गेला, रिफायनरीच्या विषयावर ते लिहीत होते. ज्यांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ सुरू केलं ते बाळशास्त्री जांभेकर आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, दर ६ जानेवारीला पत्रकार दिनाची भाषणं होतात. त्या दिवशी मालकांनी वार्ताहरांना जाहिरातीच्या टार्गेटमधून मोकळं केल्याचं जाहीर केलं तर चौथा स्टार मी स्वतः येऊन देईन.

पाचव्यासाठी एकच मागणी, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर चौकट करा आणि वर ठळक अक्षरात जाहिरात असं लिहा. किंमत दोन रुपये वाढवली तरी चालेल. पेपर मी चालूच ठेवणारे. नवीन कोणी घेणार असेल तर जरूर घ्या, पण प्लॉटचं काही वाचलंत तर टोकन देण्याआधी तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढा, आणि सर्व्हे नंबर सीआरझेडच्या नकाशावर कुठे पडतो ते बघून घ्या.