सोळा हजार टाके आणि एक खिसा: आजीच्या गोधडीबद्दल

लिहायला बसण्याआधी गोधडी पलंगावर पसरली आणि मोजपट्टी लावली. लांबी सहा फूट दोन इंच, रुंदी सव्वाचार फूट. मग ती कवटाळून वजनकाट्यावर उभी राहिले, नंतर नुसतीच उभी राहिले. फरक आला दोन किलो तीनशे ग्रॅम. इतकी वर्षं पांघरली, पण हे आकडे मला कालपर्यंत माहीत नव्हते.

आजीनं ही गोधडी १९७९ साली शिवली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. तिचे डोळे अधू झाले होते, म्हणून सुया ओवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. एकदम आठ-दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, म्हणजे तिला मध्येच थांबावं लागत नसे. १९९८ साली आजी गेली आणि आईनं गोधडी माझ्या हातात दिली. तेव्हापासून ती रोजच्या वापरात आहे. कपाटात जपून ठेवलेल्या वस्तूबद्दल मी लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

पहिल्यांदा शिवणीबद्दल, कारण सगळी करामत तिथंच आहे. साधा धावदोरा, दुसरा कुठलाही टाका नाही. आजीनं कडेपासून सुरुवात केली आणि फिरत फिरत आत आली, चौकोनात चौकोन, शेवटचा लांबट चौकोन तळहाताएवढ्या रुंदीचा. दोन ओळींमधलं अंतर सरासरी दीड सेंटिमीटर भरतं. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर. हिशेब केला तर शिवणीची एकूण लांबी १६० मीटरच्या पुढे जाते, आणि टाके होतात सोळा हजारांच्या आसपास. आकडा पाहून मी पुन्हा गुणाकार करून पाहिला. तेवढाच आला.

या पद्धतीत एक दोष आहे आणि तो माझ्या गोधडीत स्पष्ट दिसतो. कडेनं आत येताना थरांत जे थोडं थोडं सैल कापड उरतं ते पुढे सरकत सरकत मध्यावर गोळा होतं. आजी दर चार ओळींनी हात फिरवून ते सारखं करायची, तरी मधला भाग जरासा फुगलेलाच राहिला. पसरल्यावर गोधडी पूर्ण सपाट बसत नाही. अंगावर घेतली की हे जाणवतही नाही.

आत सात पदर आहेत. एका कोपऱ्याची शिवण उसवली होती तेव्हा मी ते मोजले. खालून आजीची एक अख्खी सुती साडी, मधे धुऊन धुऊन विरलेल्या चादरी, आणि वर तुकडे: आजोबांचे सदरे, आईचा एक निळा झगा, माझे दोन फ्रॉक, कुणाच्या तरी पायजम्याचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड. हे तुकडे सुटे जोडून मग अंथरलेले नाहीत. खालचे पदर अंथरून झाल्यावर कडेपासून एकेक तुकडा ठेवत, त्याची कड दुमडत, सगळ्या थरांतून एकदमच टाका घालत ती गेली. त्यामुळे वरचा तुकडा झिजला तरी तेवढाच काढता येतो, शेजारच्याला धक्का लागत नाही. कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कौदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात ती अशीच, कडेकडून मध्याकडे. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचं फूल लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आजीच्या गोधडीला फुलं नाहीत, पण हात त्याच वाटेनं फिरलेला आहे.

उबेचं म्हणाल तर, कडाक्याच्या थंडीत ही एकटी पुरत नाही. ऊब खरं तर कापडाची नसते, कापडात अडकलेल्या हवेची असते; आणि इतक्या जवळजवळ शिवलेल्या ओळींमुळे थर एकमेकांवर दाबले जातात, हवा कमी राहते. पाहुण्यांसाठी आम्ही एक पॉलिस्टर भरलेली दुलई विकत आणली आहे. ती वजनाला निम्मी आणि उबेला जास्त, हे मान्य करायलाच हवं. पण दोन तासांनी त्या दुलईत अंग चिकचिकायला लागतं. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के इतका धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. हा फरक पहाटे कळतो. दुलईतून पाय बाहेर काढावे लागतात, गोधडीतून लागत नाहीत. शिवाय दुलईतलं भरण दोन वर्षांत कोपऱ्यात जाऊन बसलं. गोधडीत सरकायला काही नाहीच.

आणि वजन. सव्वादोन किलो अंगावर सारखं पसरलेलं असतं, दुलईसारखं ते घसरत नाही. तापातून उठलेल्या माझ्या मुलीनं एकदा "ती जड वाली दे" म्हणून मागितली होती, तेव्हापासून घरात तिचं नाव तेच पडलं.

आता दोऱ्याबद्दल. आजी शिवायला साधा, बारीक सुती दोरा घ्यायची, एकपदरी. मला नऊ वर्षांच्या अकलेनं वाटायचं की एवढ्या जाड वस्तूला हा दोरा पुरणार नाही. मी कुठूनतरी नायलॉनचा दोरा शोधून आणला, दातांनीही तुटत नव्हता, आणि मोठ्या अभिमानानं तिला दिला. तिनं तो बोटांभोवती गुंडाळून ओढून पाहिला आणि परत दिला. म्हणाली, "दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो गं. कापड तुटलं तर काय घालणार?"

हे मला समजायला बत्तीस वर्षं लागली. २०११ साली गोधडीच्या एका बाजूच्या ओळी बऱ्याच ठिकाणी उसवल्या होत्या. वेळ नव्हता म्हणून मी ती शिलाईवाल्याकडे नेली. त्यानं मशीनवर पॉलिस्टरच्या दोऱ्यानं आडव्या टिपा मारून दिल्या, अकरा टिपा, एका तासात. दिसायला अगदी नीट. दोन-तीन वर्षांत त्या टिपांच्या रेषेवर कापड कापल्यासारखं फाटू लागलं. पोस्टाच्या तिकिटांच्या पानाला भोकं असतात आणि तिथूनच ते सुटतं, तसंच. मशीनच्या सुईनं एका सेंटिमीटरमध्ये चार-चार भोकं पाडलेली, आणि दोरा कापडापेक्षा कितीतरी कणखर. झोपेत कूस बदलताना ताण आला की दोरा तुटायला तयार नाही, मग कापड तुटतं. आजीच्या शिवणीत तोच ताण आला की एखादा टाका निघतो आणि कापड शाबूत राहतं. उसवणं हा मी त्या गोधडीचा दोष समजत होते. ती सोय होती. शिलाईवाल्यावर माझा राग नाही, त्यानं मजबूत काम करून दिलं. मी त्याला चुकीचं काम सांगितलं होतं.

त्या अकरा टिपा काढायला मला एक महिना लागला. बारीक टोकाच्या कात्रीनं दर तिसरा टाका कापायचा, गोधडी उलटी करायची, खालचा दोरा अलगद ओढायचा. घाईनं ओढला की विरलेलं कापड सोबत येतं, हे दोनदा भोगलं. फाटलेल्या जागी ठिगळं लावली, तीही जुन्याच कापडाची. कोरं कापड लावू नका. ते पहिल्या धुण्यात आटतं आणि आजूबाजूच्या जुन्या कापडाला सुरकुत्या पाडतं, शिवाय शेजाऱ्यापेक्षा बळकट असल्यामुळे कडेनं त्यालाच फाडतं. दहा-बारा वर्षं वापरून मऊ झालेला सदरा ठिगळाला उत्तम.

एका कापडाबद्दल सांगायचं राहिलं. वरच्या थरात काळ्या छापील कापडाचे पाच तुकडे होते. पाचही भुगा होऊन गेले, आणि त्यांना चिकटून असलेले पांढरे नि पिवळे तुकडे मात्र धड आहेत. मला वाटायचं तिथं काही सांडलं असेल. पण हे जुन्या गोधड्यांत जगभर दिसतं: काळा आणि गडद तपकिरी रंग पक्का करायला लोह वापरत, आणि ते लोहच वर्षानुवर्षं कापसाचा धागा आतून खात राहतं. त्यावर इलाज नाही. मी त्या तुकड्यांवर तलम जाळीचं कापड टाचून ठेवलं आहे, म्हणजे उरलेलं जागेवर राहील आणि छाप थोडाफार दिसेल.

धुण्याच्या बाबतीत मी फार चुका केल्या आहेत. ओली झालेली गोधडी भयंकर जड होते, आणि ती दोरीवर मधोमध टाकली की सगळं पाणी नि सगळं वजन दोन बाजूंना लोंबतं. टाके तटातट निघतात. आता वर्षातून एकदा मोठ्या टबात कोमट पाण्यात, सौम्य साबणात, हातानं दाबून दाबून धुते. पिळत नाही. दोन मोठ्या टॉवेलांत गुंडाळून पाणी काढते आणि खाटेवर आडवी वाळवते, सावलीत. ऊन दाखवायचं ते तासभर, तेही उलट्या बाजूनं. सततच्या उन्हानं रंग तर जातोच, धागाही ठिसूळ होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तेव्हा एका पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आले, ते अजून गेले नाहीत. आता जुन्या धुतलेल्या चादरीत गुंडाळते आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी मोडते, कारण एकाच घडीवर कापड आधी विरतं. डांबरगोळ्या बंद केल्या. कसर लागते ती लोकरीला नि रेशमाला, स्वच्छ सुती कापडाला तिचा त्रास नसतो, आणि त्या वासानं झोप येत नाही.

माझा भाऊ म्हणतो की आता ही काचेच्या चौकटीत लाव, भिंतीवर शोभेल. त्याचं म्हणणं मी धुडकावत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि २००२ साली त्यांचं प्रदर्शन थेट मोठ्या कलासंग्रहालयांत भरलं. त्यांतली एक मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्याच कामाच्या कपड्यांतून शिवलेली. पण ती शिवताना त्यांच्या मनात भिंत नव्हती. ती पांघरून त्याच्या आठवणीत झोपायचं होतं. आजीच्या गोधडीत आजोबांचे चार सदरे आहेत. आजोबा १९७८ साली गेले. ती पुढच्याच वर्षी शिवायला का बसली, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि भावाला उत्तर देताना पहिल्यांदा या दोन सालांकडे नीट पाहिलं. गोधडी भिंतीवर जाणार नाही, असं मी त्याला सांगून टाकलं आहे.

त्या सदऱ्यांपैकी एकाचा खिसा तसाच ठेवलेला आहे, छातीवरचा, डाव्या बाजूला, तुकड्यांच्या खालून तिसऱ्या ओळीत. मी लहानपणी त्यात केसांचा चाप, पेन्सिलीचा तुकडा, एकदा एक पडलेला दात ठेवला होता. मशीनच्या अकरा टिपांतली सातवी टीप बरोबर त्या खिशाच्या तोंडावरून गेली होती आणि तो बंद झाला होता. टीप काढल्यावर खाली जुनी भोकं दिसली. आजीची ओळ खिशापाशी येऊन थांबलेली, दोऱ्याला बारीक गाठ, आणि खिशाच्या पलीकडून नव्या गाठीनं पुन्हा सुरू. दर ओळीला असं. त्या एका खिशासाठी तिनं नऊ ठिकाणी दोरा तोडून पुन्हा ओवलेली सुई घेतली होती, आणि त्या सुया मीच ओवल्या असणार. मी त्याच भोकांतून सुती दोरा घातला, खिशापाशी गाठ मारली आणि पलीकडून पुन्हा सुरुवात केली.