बायपोलर की बॉर्डरलाइन?

‘मूड सारखा बदलतो’ एवढ्यावरून बायपोलर आणि बॉर्डरलाइन या दोन मानसिक विकारांना एकाच माळेचे मणी समजलं जातं.

बायपोलरमध्ये चढउतार दिवसांत, आठवड्यांत मोजायचे. मॅनियाचं, म्हणजे अतिउत्साहाच्या टप्प्याचं, निदान करताना तो साधारणपणे किमान आठवडाभर टिकलाय का, हे पाहतात: तीन तासांची झोप पुरते, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातो. मधल्या काळात बरेच जण अगदी पूर्वीसारखे असतात.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात हिशेब तासांचा. मेसेजला उत्तर आलं नाही की ‘हा मला सोडून जाणार’ ही भीती उसळते. सकाळी देवासारखा वाटलेला माणूस संध्याकाळी वैरी होतो. ही घडण बहुधा किशोरवयापासून, नात्यानात्यांत दिसत आलेली असते. म्हणून एका भेटीत निदानाची घाई नको.

आनुवंशिकता दोन्हीकडे आहे. बॉर्डरलाइनमध्ये बालपणीचे आघात बरेचदा सापडतात, पण प्रत्येकात नाही. तेव्हा आईबापांना सरसकट दोषी धरणं अन्यायाचं.

बायपोलरच्या उपचारांचा कणा लिथियमसारखी औषधं. बॉर्डरलाइनमध्ये मुख्य भिस्त मानसोपचारावर, विशेषतः अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटीवर (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सावरायला शिकवणारी उपचारपद्धती). तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

मला सर्वांत खुपतो तो कलंकातला फरक. बायपोलरला निदान ‘आजार’ तरी म्हणतात. बॉर्डरलाइन असलेल्या मुलीनं हातावर वार करून घेतले, तर ‘नाटकं करते’ म्हणतात, कधी दवाखान्यातसुद्धा. ती असह्य वेदना कशीबशी सोसत असते. आणि काहींना हे दोन्ही विकार एकाच वेळी असतात.