हार्ले की इंडियन: माझा निकाल गॅस स्टेशनवर लागला

गेल्या वर्षभरात शिकागोच्या आसपासच्या तीन मराठी मित्रांनी मला हाच प्रश्न विचारलाय: हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या दोन जुन्या अमेरिकन मोटरसायकल कंपन्यांपैकी कुणाची गाडी घ्यावी? तिघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मुलं कॉलेजात, आणि तरुणपणी वडिलांच्या नाहीतर मामाच्या बुलेटवर हात साफ केलेला. या दोन गाड्यांपुढे मी स्वतः चार महिने घुटमळलो होतो, म्हणून लिहितो. सीसी, टॉर्क, किमती तुम्ही एव्हाना पाठ केल्या असतील, त्यात शिरत नाही.

माझ्यापुढे हार्लेची सॉफ्टेल होती आणि इंडियनची चीफ. स्पोर्टस्टर आणि स्काउट ही धाकटी भावंडं मी बाजूला ठेवली. दोघींची इंजिनं आता पाण्याने थंड होतात आणि मला जुन्या वळणाची, हवेवर थंड होणारी गाडी हवी होती. जुलैच्या दोन वीकेंडना दोन्ही गाड्या भाड्याने घेतल्या. रस्ता तोच ठेवला: गलीनाहून विस्कॉन्सिनमध्ये शिरायचं आणि मिसिसिपीच्या काठाने हायवे 35 धरून ला क्रॉस गाठायचं.

चालवायला चीफ किंचित सरस वाटली, हे आधीच कबूल करतो. दोन्ही गाड्या तीनशे किलोंच्या आसपास, पण नदीकाठच्या वळणांवर चीफचं वजन मला कमी जाणवलं. माझी उंची पाच फूट सहा इंच, तरी दोन्हींवर पाय नीट टेकले. इतक्या मोठ्या इंजिनावर बसल्यावर सिग्नलला उजवी मांडी शेकणारच. चीफमध्ये गरम दिवशी गाडी उभी राहिली की मागचा सिलिंडर आपोआप बंद होतो, तेवढा दिलासा मिळतो. हार्लेला डावा इंडिकेटर डाव्या अंगठ्याखाली आणि उजवा उजव्या. दीड दिवस मी वळण्याआधी बटणं चाचपत होतो, मग हात बसला.

आवाजात मात्र मी हार्लेच्या बाजूला झुकलो, आणि इथे माझ्यावर फार विश्वास ठेवू नका, कारण हा कानाचा मामला आहे. तिचे दोन सिलिंडर 45 अंशांच्या कोनात आणि दोन्हींचे रॉड क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, एकाच पिनवर. त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं पडत नाही, एकदा क्रँक 315 अंश फिरल्यावर ठोका पडतो तर एकदा 405. बुलेट टाळासारखी सरळ वाजते. ही लंगडी घालत येणाऱ्या पोरासारखी. कंपनीने 1994 मध्ये या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता, 2000 मध्ये तो नाद सोडला. चीफचा कोन 49 अंशांचा. आवाज भरदार आहे, पण मला तो जरा शहाण्या मुलासारखा वाटला.

आता मुद्द्याचं. चीफ घेऊन निघालो त्या शनिवारी सकाळी गलीनाला गॅस, म्हणजे पेट्रोल, भरत होतो. पलीकडच्या पंपावर पिकअपवाले एक आजोबा. त्यांनी टाकीवरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टाकीकडे पाहिलं. चेहरा उजळला. ‘ॲन इंडियन ऑन ॲन इंडियन!’ मी मनापासून हसलो. विनोद वाईट नव्हता. पुढे नाश्त्याला थांबलो तिथल्या वेट्रेसने तोच केला. नदीकाठच्या एका थांब्यावर दोन हार्लेवाल्यांनी, एकाच वेळी. ला क्रॉसच्या मोटेलवाल्याने चावी देताना केला, आणि तो स्वतः गुजराती होता! रविवारी संध्याकाळी गाडी परत करेपर्यंत मी अकरा वेळा हसलो होतो. शेवटच्या तीन वेळा फक्त दात दाखवले.

सगळी माणसं प्रेमळ होती, कुणाच्या मनात काही नव्हतं. अडचण तीच आहे. प्रेमाने केलेल्या विनोदाला हसावंच लागतं. भर म्हणून इस्लामपूरला फोन केला तर आप्पा म्हणाले, ‘अरे, इंडियन गाडीच घ्यायची होती तर अमेरिकेत कशाला गेलास?’

मी त्यांना समजावलं की हे नाव इथल्या मूळ रहिवाशांवरून पडलंय, कंपनी 1901 सालची, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्सची, हार्लेहून दोन वर्षांनी मोठी. त्यावर त्यांचा एक शब्द नाही. पण 1953 मध्ये मूळ कारखान्यातलं उत्पादन थांबल्यावर काही वर्षं इथे इंग्लंडमधल्या रॉयल एनफील्डच्या गाड्याच ‘इंडियन’ नावाने विकल्या जात होत्या, आणि त्याच सुमारास मद्रासला बुलेट जुळवायला सुरुवात झाली, हे सांगितल्यावर मात्र ते खूश झाले. ‘म्हणजे आपलीच की!’ बुलेट अजून त्यांच्या गोठ्याशेजारी उभी आहे.

बायकोला मी अर्थात दुसरी कारणं दिली, आणि तीही खोटी नाहीत. हार्लेचं दुकान घरापासून बारा मिनिटांवर, इंडियनचं तासाभराहून लांब. आपल्याकडे, शिकागोत, गाडी चालते एप्रिल ते ऑक्टोबर. त्यातले शनिवार सर्व्हिसिंगच्या फेऱ्यांत घालवायचे का? शिवाय इंडियनचं नाव फार हातांतून गेलंय. 2011 मध्ये पोलारिस या कंपनीने ते घेतलं, 2013 मध्ये स्टर्जिसच्या मोटरसायकल मेळाव्यात नवी चीफ दाखवली आणि ब्रँडला खरोखर उभं केलं. मग 2025 च्या ऑक्टोबरमध्ये त्यातला बहुतांश हिस्सा कॅरोलवुड या गुंतवणूक कंपनीला विकत असल्याचं जाहीर केलं. याने गाडी बिघडत नाही, आणि नवे मालक कदाचित जास्त जीव लावतील. हार्लेही 1969 पासून बारा वर्षं एएमएफ या दुसऱ्या कंपनीच्या हाताखाली काढून आलीय. 1981 मध्ये तिच्या तेरा अधिकाऱ्यांनी मिळून ती परत विकत घेतली. तरी दहा वर्षांनी सुटा भाग मागायची वेळ आली तर मला हार्लेचा मिलवॉकीचा पत्ता जास्त भरवशाचा वाटतो. हा माझा अंदाज, तुमचा वेगळा असू शकतो.

तर सॉफ्टेल घेतली, काळी. आता गॅस स्टेशनवर लोक ‘कुठल्या सालची?’ एवढंच विचारतात आणि मग वीस मिनिटं स्वतःच्या जुन्या हार्लेबद्दल बोलतात. मला फक्त मान डोलवायची असते.

तुम्ही चीफच्या प्रेमात असाल तर मी अडवणार नाही. फक्त सही करण्याआधी एक वीकेंड भाड्याने घ्या, एकटेच निघा, आणि छोट्या गावांत तीनदा गॅस भरा. टाकी अर्धी असली तरी भरा. आणि मोजत राहा.