पाणी जास्त झालेल्या सक्युलंटसाठी माती: कोकोपीट, परलाइट की विटांची खडी?

जुलैमध्ये मुंबई-पुण्याच्या गॅलरीतल्या इचेव्हेरियाची (जाड, रसदार पानांत पाणी साठवणाऱ्या सक्युलंट रोपांपैकी एक) खालची पाने पिवळी पडू लागली, की रोप तहानले आहे असे समजून पुष्कळजण आणखी पाणी घालतात. तहानलेले पान सुरकुतते आणि पातळ होते. पाणी जास्त झालेले पान मात्र पारदर्शक, लिबलिबीत होऊन बोट लागताच गळून पडते.

माती आणण्याआधी रोप कुंडीतून काढून मुळे पाहावीत. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले, तर त्याची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. बिघाड मुळांपुरताच असेल, तर कुजलेला भाग कापून रोप दोन-तीन दिवस सावलीत उघडेच ठेवावे, कोरड्या मिश्रणात लावावे आणि आठवडाभराने पहिले पाणी द्यावे. देठ बुडाशी काळा पडला असेल, तर मुळांचा नाद सोडून, आतला काप डागविरहित दिसेपर्यंत वर वर कापत जावे व तो शेंडा चार-पाच दिवस सुकवून लावावा. हवॉर्थिया या सक्युलंटला असा लांब देठ नसल्याने तिथे निरोगी पिल्लांवरच भिस्त ठेवावी लागते.

आता मातीकडे वळू. नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हलके आणि सहज मिळणारे असले, तरी ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे दमट हवेत मुळांभोवतीची हवा संपते आणि कूज तिथूनच सुरू होते. परलाइट (पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) मिसळल्यास ही अडचण बरीच कमी होते. मात्र ते इतके हलके असते की पाणी घालताना वर तरंगून येते, आणि मोठ्या जेडच्या रोपाचा भार पेलायला कुंडीला वजन राहत नाही. तिसरा पर्याय म्हणजे एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत आणि दोन भाग चाळून धूळ काढलेली विटांची बारीक खडी किंवा भरड वाळू. बारीक वाळू इथे चालत नाही, कारण ती मातीच्या फटीच बुजवते. काळ्या मातीचा तर विचारच नको. ओली झाली की ती चिकटून बसते.

कोकणपट्टीत किंवा पावसाचे सपकारे येणाऱ्या गॅलरीत मी खडीचे मिश्रण आणि मातीची कुंडी यांनाच पसंती देईन. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत, टांगत्या कुंड्यांसाठी कोकोपीट-परलाइट समसमान चालते.

तळाशी गोट्यांचा थर घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओलसर थर वर सरकून मुळांच्या आणखी जवळ येतो. आणखी एक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते: रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती कोकोपीटचा घट्ट गोळा असतो, आणि तो तसाच ठेवून भोवती कितीही उत्तम माती भरली, तरी ओल त्या गोळ्यातच राहते. तो बोटांनी हलकेच मोकळा करावा, मुळे चार तुटली तरी चालतील.