अल्फा की बीटा? निकेल हायड्रॉक्साइड निवडताना

इलेक्ट्रोडसाठी निकेल हायड्रॉक्साइड वापरायचं ठरलं की आधी त्याचं रूप, म्हणजे स्फटिकांची रचना, ठरवावं लागतं. अल्फा आणि बीटा दोन्ही हिरवी, दोन्ही निकेलच्या क्षारात अल्कली ओतून मिळतात, पण वागणूक अगदी निराळी. बॅटरीत शतकाहून अधिक काळ वापरात असूनही या संयुगाबद्दलचे वाद अजून मिटलेले नाहीत.

दोन्ही रूपं थरांची बनलेली. बीटात थर एकमेकांच्या जवळ, मधलं अंतर ०.४६ नॅनोमीटर. अल्फात थरांमध्ये पाणी आणि नायट्रेट किंवा कार्बोनेटसारखे ऋण आयन शिरलेले असतात, त्यामुळे अंतर ०.८ नॅनोमीटरच्या आसपास जातं. तांब्याचं लक्ष्य असलेल्या नळीतून निघणाऱ्या क्ष-किरणांनी तपासलं तर विवर्तनाच्या आलेखात बीटाची पहिली रेषा १९ अंशांजवळ दिसते, अल्फाची ११ ते १२ अंशांवर. हातातली पूड कोणती, हे ओळखायला एवढं पुरतं.

क्षमतेत अल्फा सरस वाटतं. बीटा एका निकेलमागे एक इलेक्ट्रॉन देतं, म्हणजे ग्रॅममागे २८९ मिलीअँपिअर-तास. अल्फा चार्ज होऊन गॅमा नावाचं रूप होतं आणि त्यात निकेलची सरासरी संयुजा ३.५ च्या आसपास जाते. नेमकी किती, यावरच मतभेद आहेत. पण अल्फाची घनता कमी असल्यामुळे ठरावीक जागेत बसवायचं झालं की हा फायदा बराचसा विरतो.

खरी अडचण टिकण्याची आहे. साधं अल्फा तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये राहिलं की हळूहळू विरघळून पुन्हा बीटा म्हणून स्फटिकतं. निकेलचा सुमारे पाचवा हिस्सा ॲल्युमिनियमने बदलला, तर मात्र ते तग धरतं: ॲल्युमिनियमचा जादा धनभार मधल्या ऋण आयनांना धरून ठेवतो. बीटाही निर्दोष नाही. जास्त चार्ज केलं तर त्याचंही गॅमा होतं आणि इलेक्ट्रोड फुगतो. म्हणून त्यात थोडं जस्त किंवा कोबाल्ट मिसळतात. हान्स बोडे हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मांडलेली अल्फा, बीटा आणि त्यांची चार्ज झालेली दोन रूपं अशा चार रूपांची आकृती आजही कामाची आहे.

बॅटरी वर्षानुवर्षं चालवायची असेल, तर माझं मत नि:संशय बीटाच्या बाजूने. तेही जरा विस्कळीत स्फटिकांचं घ्या. अगदी नीटस वाढलेलं बीटा इलेक्ट्रोडमध्ये सुस्त ठरतं, म्हणून क्ष-किरण आलेखातल्या टोकदार रेषांवर भाळू नका. ॲल्युमिनियमवालं अल्फा वजन महत्त्वाचं असेल तिथे नक्की आजमावून पाहा.

पाण्यापासून ऑक्सिजन काढायचा असेल, तर अल्फा-बीटापेक्षा लोहाकडे आधी बघा. अल्कलीत अशुद्धी म्हणून आलेलं किंचित लोहही ऑक्सिजन सुटणं किती सोपं करतं, हे संशोधक कॉरिगन यांनी १९८७ मध्ये दाखवलं. विद्युत अपघटनात हे हवंच असतं. बॅटरीत मात्र त्यामुळे चार्जिंगचा प्रवाह वाया जातो. अल्कलीतलं लोह काढून न टाकता दोन रूपांची तुलना केली, तर त्या आकड्यांवर विसंबू नका.

आणि रूप कोणतंही निवडा, कोरडी पूड उडू देऊ नका. निकेलच्या संयुगांची धूळ श्वासातून गेल्यास कर्करोगकारक आहे.