फॅमिली फोटोसाठी शिवलेले खणाचे कपडे: दिवाळी ते आषाढ वापरून झाल्यावर

आधी कपडे सांगते. आईला वांगी रंगाची, मोरपंखी काठाची खणाची साडी. बाबांना बदामी सुती कुर्ता, गळपट्टीला आणि बाह्यांना त्याच वांगी खणाची पट्टी. आजोबांना खणाची बंडी, आत फिका कुर्ता. आजींना काही नवं घेतलं नाही, कपाटातली मोरपंखी इरकल. सात वर्षांच्या मुलीला परकर-पोलकं आणि बाळाला श्रीखंडी मलमलीचं झबलं, कडेला खणाची बारीक गोट. दिवाळीत फोटो झाले आणि त्यानंतर हे कपडे सणावारी, मुंजी-लग्नात सतत अंगावर आहेत.

माझं ठाम मत आहे की सगळ्यांना एकाच ताग्यातून कपडे शिवू नयेत. फोटोत माणसं खेटून बसतात. शेजारच्या दोघांच्या अंगावर एकच गडद कापड असलं की एकाचा खांदा कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो ते दिसत नाही, आणि चेहरे एका वांगी ढिगाऱ्यावर ठेवल्यासारखे वाटतात. साडीचा मुख्य रंग एकाच्या अंगावर भरपूर, काठाचा रंग दुसऱ्याच्या अंगावर आणि बाकीच्यांना त्या दोन्हींना सोसेल असा शांत रंग: बदामी, श्रीखंडी, पारवा. खण मग पट्टी-गोटीपुरता पुरतो.

हे शिवण्याआधी तपासता येतं. सगळी कापडं बसायच्या क्रमाने पलंगावर शेजारी शेजारी पसरायची, दहा-बारा फुटांवरून मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करायचा. शेजारची दोन कापडं एकाच करड्या छटेची दिसली तर ती दोन माणसं शेजारी बसवू नका, किंवा एकाचा रंग बदला. रंगीत फोटोत हा दोष डोळ्यांना सापडत नाही. एवढ्या अंतरावरून खणाची बारीक नक्षीही दिसत नाही, नुसता रंग दिसतो. नक्षीचं सौंदर्य कमरेपर्यंतच्या फोटोत आणि बाळाच्या जवळच्या फोटोत कळतं, म्हणून खण गळ्याशी आणि मनगटाशी असावा, कुर्त्याच्या घेराला नको.

कापड घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. खण मूळचा गुळेदगुड्डचा, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला, आणि चोळीसाठी विणला जाणारा, त्यामुळे हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असते. यंत्रमागाचं रुंद पन्ह्याचं पॉलिएस्टरही खण म्हणूनच विकलं जातं. कडेचा एक धागा ओढून जाळा. कागदासारखा जळून भुरभुरीत राख झाली तर सुती किंवा रेयॉन, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर फ्लॅशमध्ये चमकतं आणि घड्यांच्या टोकांवर पांढरे पट्टे उमटतात. पट्टी-गोटीसाठी एक मीटर पुष्कळ झालं, बंडीला मात्र पन्हा सांगून शिंप्याकडूनच अंदाज घ्यावा.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि ती बहुतेक शिंपी आपणहून सांगत नाहीत. खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून प्रकाश फिरला की कापडाची छटा फिरते. कापड वाचवायला पट्टी आडवी कापली तर बुट्टे आडवे पडतातच, शिवाय शेजारी साडी असली की पट्टी वेगळ्याच कापडाची वाटते. दर्शनी पट्ट्या सगळ्यांच्या एकाच दिशेने कापायला सांगा आणि कापडावर खडूने बाण काढून द्या. गोट वळायला उरेब, म्हणजे तिरपी, कापावी लागते, तिथे छटा थोडी बदलते, पण ती बारीक असल्याने चालून जातं.

आता धुण्याचं. सुती कापड पहिल्या पाण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज आटतं. कुर्त्याचं कापड रात्रभर भिजवून मग शिवल्यामुळे बाबांचा कुर्ता आजही मापात आहे. परकराचं सुती अस्तर न भिजवता लावलेलं होतं, ते आटलं आणि खण खालच्या कडेला फुगून उभा राहिला. अस्तर उसवून पुन्हा लावावं लागलं. भिजवणं अस्तरालाही तितकंच लागू आहे.

रंगाची परीक्षा पांढऱ्या ओल्या फडक्याची. फडकं खणावर ठेवून गरम इस्त्री दाबायची. डाग उमटला तर ती पट्टी फिक्या कुर्त्यावर तशीच जाता कामा नये. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो यावर विसंबू नका, आजच्या बहुतेक रंगांवर त्याचा उपयोग नाही. पट्टी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवून मगच लावावी. गळपट्टी अशी लावली होती, ती निर्मळ राहिली. बाह्यांच्या पट्ट्या न धुता लावल्या होत्या, तिथे बदामी कापडावर जांभळी सावली कायमची बसली आहे.

बंडीचा दोष वेगळा. रेशमासारख्या चमकेसाठी खणात रेयॉन असलं की धागे गुळगुळीत असतात. पाठीवर आणि काखेत ताण आला की शिवण तशीच राहते, पण तिच्या शेजारचे धागे सरकून जाळी पडते. त्यामुळे अंगासरशी शिवू नये. छातीच्या मापावर किमान चार इंच सैल, शिवणीत एक इंच माया (आत सोडलेलं जादा कापड) आणि आतून पूर्ण अस्तर हवं. रेयॉन ओलं असताना कमजोर होतं, म्हणून पिळू नका, टॉवेलात गुंडाळून पाणी काढा.

बाळाच्या बाबतीत एक बारकावा. वांगी साडीवर बाळाला घेतलं की उन्हात साडीचा रंग त्याच्या गालावर पडतो आणि चेहरा काळसर-जांभळट येतो. फोटोत बाळ बाबांच्या किंवा आजोबांच्या फिक्या कुर्त्याजवळ द्या. आईनेच घ्यायचं असेल तर मध्ये श्रीखंडी मलमलीचा पंचा घाला. झबलं सगळ्यात शेवटी, दूध पिऊन ढेकर निघाल्यावर, आणि दुसरं तसलंच झबलं पिशवीत.

आजोबांचा लेंगा पांढराशुभ्र नको. साबणातल्या चमक आणणाऱ्या द्रव्यांमुळे तो उन्हात निळसर दिसतो आणि शेजारचं श्रीखंडी कापड त्यापुढे मळकं वाटतं. मोतिया रंग घ्या. पातळ मलमलीमागून ऊन आलं तर पायांची आकृती दिसते, तिथे अस्तर लागतंच. बारीक रेघांचे आणि बारीक चौकड्यांचे शर्ट टाळा, कॅमेऱ्यात त्यांवर लाटा उमटतात.

एवढ्या महिन्यांत सगळ्यात जास्त वापर झाला तो पट्टीच्या कुर्त्याचा, त्याखालोखाल बंडीचा, कारण ती कुठल्याही फिक्या कुर्त्यावर चालते. परकराला खाली आतून दोन इंचांची दुमड घालून ठेवली होती. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, गुढीपाडव्यानंतर दुमड सोडली आणि परकर पुन्हा घोट्यापर्यंत आला. पोलकं मात्र काखेत घट्ट झालं आहे, तिथे माया जेमतेम होती. बाळाचं झबलं केव्हाच लहान झालं.

शिंप्याकडे महिनाभर आधी जा, दिवाळीच्या तोंडावर कोणी काम घेत नाही. उरलेला खण मागून घ्या आणि घडी करून कपाटात ठेवून देऊ नका. दर वेळी कपडे धुतले की तोही सोबत धुवा. कोरा ठेवलेला तुकडा पुढच्या वर्षी पोलक्याला बाही किंवा काखेत कळी (सैलपणासाठीचा जोड) म्हणून जोडला तर धुऊन फिकट झालेल्या कापडावर तो उठून दिसतो.