लाकडी, ॲल्युमिनिअम की कार्बन? बाण घेण्याआधी तो मोडतो कसा ते पाहा

नवे बाण घ्यायचे म्हटले की चौकशी स्पाइन (बाणाचा ताठपणा), वजन आणि किंमत यांपाशीच थांबते. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हा बाण आतून खराब झाला, तर ते मला कळेल का?

प्रश्न महत्त्वाचा का, ते बाण सुटतो त्या क्षणात दडले आहे. दोरी मागून रेटा देते, पुढचे जड टोक जागचे हलायला तयार नसते, आणि मधला शाफ्ट, म्हणजे बाणाचा दांडा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकतो. धडधाकट बाण हे सहज सोसतो. आधीच चीर गेलेला बाण नेमका त्या जागी फुटतो, आणि तेव्हा तो धनुष्य धरलेल्या हाताच्या अगदी वरून जात असतो. इजा होते ती या हाताला, मनगटाला आणि कोपरापर्यंतच्या भागाला.

लाकडी बाण

लाँगबो (लांब, साधे धनुष्य) किंवा जुन्या घाटणीच्या रिकर्व्हसाठी (भुजांची टोके पुढे वळलेले धनुष्य) लाकूड उत्तम. कम्पाउंड, म्हणजे चाकांच्या, धनुष्यावर मात्र लाकडी बाण कधीही लावू नका, त्याचा झटका लाकडाला सोसणारा नसतो.

लाकडाचा गुण असा की ते बिघाड फारसा लपवत नाही. दोन बाण हलकेच एकमेकांवर आपटा. चांगल्याचा आवाज टणक येतो, तडकलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. मग चांगल्या उजेडात बाण गोल फिरवत टोकामागची दोन-तीन इंच जागा आणि नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेच्या) पुढची जागा पाहा. लाकडाच्या रेषांना आडवी गेलेली केसाएवढी चीर दिसली तरी तो बाण बाद. नुसता बाक आला असेल तर हाताने चोळून ऊब द्या आणि हळूहळू दाबून सरळ करा. दमट हवेत बाक पुन्हा येतो, म्हणून व्हार्निश कुठे उडाले आहे तेही पाहत चला.

घेतानाच तपासायची गोष्ट म्हणजे लाकडाचे रेषे. ते टोकापासून नॉकपर्यंत सलग जायला हवेत. मध्येच तिरपे होऊन बाहेर पडले असतील, तर मोडताना लांब, सुरीसारखी ढलपी निघते. थोडा तिरपेपणा असलाच, तर वरच्या बाजूला दिसणारी रेषांची टोके बाणाच्या टोकाकडे रोखलेली राहतील असा नॉक बसवतात. बाण मोडलाच तर मागच्या तुकड्याची ढलपी हाताकडे न येता वर जावी, हा त्यामागचा हेतू. नॉकची खाच रेषांना काटकोनात असते.

फायबरग्लास

जड, चिवट आणि सरावात पुष्कळ मार खाणारा बाण. पृष्ठभाग पांढुरका आणि केसाळ दिसू लागला की टाकून द्या. ती कुसे कातडीत शिरतात, म्हणून असा जुना बाण उघड्या हाताने चोळू नका.

ॲल्युमिनिअम

नवशिक्यासाठी आमचा कौल यालाच. ॲल्युमिनिअम मार लागला की बहुधा वाकते, आणि वाकलेले दिसते. सपाट काचेवर किंवा टेबलावर बाण ठेवा, पिसांचा भाग कडेबाहेर राहू द्या आणि शाफ्ट लोळवा. सरळ बाण गप्प लोळतो, वाकलेला थडथडतो. दोन अंगठ्यांच्या नखांवर टेकवून फुंकरीने फिरवला तरी थरथर जाणवते. थोडा बाक यंत्रावर काढता येतो. पण घडी पडल्यासारखा तीक्ष्ण मुरड असेल, किंवा एकाच जागी दोनतीनदा बाक काढून झाला असेल, तर तिथला धातू थकलेला असतो. तो सरळ दिसला तरी वापरू नये.

पोचे नखाने शोधा. शाफ्टवर छापलेला 1816 सारखा आकडा इथे उपयोगी पडतो: पहिले दोन अंक म्हणजे बाहेरचा व्यास, इंचाच्या 64व्या भागांत, आणि पुढचे दोन म्हणजे भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे 1816ची भिंत 0.016 इंच. एवढ्या पातळ नळीला नख अडकेल असा पोचा पडला, तर तो नुसता डाग समजू नका. बाण कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळले तर टोकाचा इन्सर्ट (टोक बसवायचा नळीतला तुकडा) सुटला आहे.

कार्बन

हलका, वेगवान, आणि एक तर सरळ नाही तर मोडलेला. वाकून राहणे त्याला माहीत नाही. हीच त्याची खुबी आणि हाच धोका: धागे आतून तुटलेले असूनही बाण डोळ्यांना सरळ, चकचकीत दिसतो. दगडावर किंवा टार्गेटच्या लाकडी चौकटीवर आदळलेला कार्बन बाण म्हणूनच नुसता पाहून भात्यात परत ठेवू नये.

तपासणी अशी. आधी कापसाचा बोळा शाफ्टवरून दोन्ही दिशांनी फिरवा; तुटलेला धागा कापूस ओढून धरतो. उघडे बोट फिरवू नका, कार्बनची कुसे बारीक, काळी आणि काढायला त्रासदायक असतात. मग चष्मा लावा, एका हाताने टोकाजवळ आणि दुसऱ्याने नॉकजवळ धरा, आणि बाण स्वतःपासून व इतरांपासून दूर, कमानीसारखा वाकवा. मधला भाग एक ते दोन इंच सरकला की पुरे. थोडा फिरवून पुन्हा वाकवा. अशा चार ते सहा खेपांत पूर्ण फेरी होते. करकर ऐकू आली, बोटांना कट् जाणवले, की तो बाण संपला. शेवटी दोन्ही टोके उलटसुलट पिळून पाहा. शाफ्ट सहज पिळला गेला किंवा सैल वाटला तर आतले धागे गेलेले आहेत. टोकामागे भिंत फाकली आहे का तेही पाहा. समोरून बसलेल्या जोरदार धक्क्याने तिथेच उभी चीर पडते.

एका बाणाला अर्धा मिनिट धरा, डझनाला सहा मिनिटे. ही सहा मिनिटे प्रत्येक सरावाआधी, आणि कुठेही आदळलेल्या बाणाला तिथल्या तिथे पुन्हा, द्यायची तयारी नसेल तर कार्बन घेऊ नका. शाळेत किंवा शिबिरात, जिथे एकच बाण दहा हातांतून फिरतो, तिथे आम्ही तो सुचवत नाही.

ॲल्युमिनिअमच्या बारीक नळीवर कार्बनचे कवच असलेले बाण कार्बनसारखेच तपासावेत. वरून सरळपणाही पाहावा लागतो, कारण आतली नळी वाकू शकते आणि ती सरळ करता येत नाही. या दोन्ही प्रकारांत टोक काढताना ज्योत शाफ्टवर धरू नका. धागे बांधून ठेवणारे रेझिन उष्णतेने जळते.

कुठलाही घ्या, हे सुटत नाही

स्पाइनचे आकडे वेगवेगळ्या प्रकारांत थेट ताडून पाहू नका. आजच्या कार्बन बाणावरचा 500 म्हणजे 28 इंचांच्या अंतरावर टेकवून मध्ये 880 ग्रॅम टांगल्यावर तो 0.5 इंच झुकतो. लाकडासाठी 26 इंच आणि 2 पाउंड ही जुनी पद्धत, आणि तिचा आकडा पाउंडांत सांगतात. धनुष्याच्या ताणाच्या मानाने फार लवचीक बाण नवा कोरा असला तरी फुटू शकतो. कम्पाउंडवर फार हलका बाणही नको: ताणाच्या दर पाउंडाला किमान 5 ग्रेन वजन, म्हणजे 50 पाउंडांच्या धनुष्याला 250 ग्रेन, साधारण 16 ग्रॅम. त्याहून हलका बाण असेल तर उरलेली ऊर्जा धनुष्यालाच सोसावी लागते.

लांबीत नवशिक्यांनी कंजूषपणा करू नये. पूर्ण ताणल्यावर बाण रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या) पुढे किमान दोन इंच उरायला हवा. आखूड बाण रेस्टवरून मागे घसरला, तर सुटताना त्याचे टोक थेट हातावर येते.

आणि नॉक. प्लॅस्टिकचा हा इवलासा तुकडा फुटला तर दोरी बाणाला न रेटता मोकळी सुटते, आणि धनुष्याच्या भुजा मोडू शकतात. दोन्ही कान हलके दाबून तळाशी चीर उघडते का पाहा. मागून दुसरा बाण आदळला असेल तर न तपासता नॉक बदला, आणि शाफ्टही तपासा. नॉक दोरीवर चढवून बाण खाली लोंबू द्या. दोरीवर बोटाने टिचकी मारताच तो गळून पडला तर पकड बरोबर आहे.

बाण काढताना एक हात टार्गेटवर, दुसरा शाफ्टवर टार्गेटला अगदी लागून, आणि सरळ मागे ओढ. मागे कुणी उभे नाही याची खात्री आधी करा, नॉक थेट डोळ्यात जाऊ शकतो. टार्गेटकडे चालत जा, धावत नको. कार्बनचा बाण आत मोडला असेल तर हातमोजे घालून सगळे तुकडे शोधा, नाहीतर पुढचा बाण त्यांवरच आदळेल.

बाद ठरलेला बाण परत भात्यात जाता कामा नये. टोक आणि नॉक काढून घ्या, शाफ्टचे फुटके टोक चिकटपट्टीने गुंडाळा आणि मगच कचऱ्यात टाका. नॉक नसलेला बाण कुणी चुकून उचलला तरी दोरीला लावता येत नाही.